आजारी माणसाला काय म्हणावे?



व्याख्यानासाठी विषय कळवा, असे चिटणीसांचे पत्र आले तेव्हा मी 'सरकारी आरोग्यसेवा आणि राजकीय मतभेद' असे लिहून पाठवले. दोन दिवसांनी त्यांचा फोन आला. "सर, विषय चांगला आहे, पण साहित्याच्या व्यासपीठावर कसं वाटेल? आणि पक्षीय तर होणार नाही ना?" मी म्हटले, पक्षांबद्दल बोलावे लागेल, पण सगळ्यांबद्दल सारखेच बोलेन. आणि साहित्याशी संबंध विचाराल, तर या भांडणाच्या मुळाशी शब्दच आहेत. आजारी पडलेल्या माणसाला सरकारने कोणत्या नावाने हाक मारायची, यावर ते भांडण चालले आहे. चिटणीस हसले आणि म्हणाले, मग शीर्षक बदला. म्हणून आजचे शीर्षक असे आहे.

आपल्या इंदूरपुरतेच पाहा. गेल्या सत्तर वर्षांत दवाखान्याच्या दारात उभ्या असलेल्या माणसाला सरकारने वेगवेगळी नावे दिली. नंदानगरच्या कामगार विमा रुग्णालयात तो 'विमाधारक' असतो. एमवायमध्ये १९९५ नंतर तो 'शुल्क भरणारा' झाला. आयुष्मान कार्ड हातात आले तेव्हा तो 'हितग्राही' झाला. महाराष्ट्रात त्यालाच 'लाभार्थी' म्हणतात. आणि शेजारच्या राजस्थानने २०२३ साली कायदा करून सांगितले, की तो 'हक्कदार' आहे. माणूस तोच, ताप तोच. पण प्रत्येक नावामागे सरकार म्हणजे काय, याची एक वेगळी कल्पना आहे, आणि प्रत्येक कल्पनेला विरोध करणारे लोक आहेत. हे विरोध करणारे सगळे दुष्ट नाहीत आणि पाठिंबा देणारे सगळे संतही नाहीत, एवढे आधीच सांगून ठेवतो.

सुरुवात एका मराठी माणसापासून करू. सर जोसेफ भोर हे त्यांचे नाव. जन्म नाशिकचा, शिक्षण पुण्यातले, पुढे आयसीएस. १९४३ साली, दुसरे महायुद्ध चालू असताना, ब्रिटिश सरकारने त्यांच्या अध्यक्षतेखाली देशाच्या आरोग्याची पाहणी करण्यासाठी समिती नेमली. १९४६ साली तिचा अहवाल चार खंडांत आला. त्यातले मुख्य तत्त्व अगदी साधे आहे. पैसे देता येत नाहीत म्हणून कोणीही योग्य उपचारांवाचून राहू नये. समितीने त्यापुढचेही एक पाऊल टाकले. ज्यांना पैसे देणे परवडते त्यांच्याकडून ते दवाखान्याच्या खिडकीवर घेऊ नयेत, कराच्या रूपाने घ्यावेत, आणि सेवा सर्वांना भेद न करता मोफत असावी, असे तिचे म्हणणे होते.

या शेवटच्या वाक्याकडे लक्ष द्या. 'गरिबांना मोफत' असे भोर समितीने म्हटले नाही, 'सर्वांना मोफत' असे म्हटले. या दोन शब्दांतला फरक म्हणजेच पुढच्या पाऊणशे वर्षांचे राजकारण.

मतभेद त्या समितीच्या आतही होते. खेड्यांत काम करणाऱ्या, कमी मुदतीचे शिक्षण घेतलेल्या परवानाधारक डॉक्टरांचे अभ्यासक्रम बंद करून एकाच दर्जाचा डॉक्टर तयार करावा, असे बहुमत म्हणत होते. काही सभासदांनी त्याला असहमती नोंदवली. हा वाद आपल्या शहराला परका नव्हता. १८७८ साली इंदूरात सुरू झालेल्या, पुढे किंग एडवर्ड मेडिकल स्कूल म्हणून ओळखल्या गेलेल्या संस्थेतून असेच डॉक्टर बाहेर पडत होते. १९४८ साली महात्मा गांधी स्मृती वैद्यकीय महाविद्यालय निघाले आणि ते युग संपले. पदवीधर डॉक्टर मिळाले, पण खेड्यात कोण जाणार हा प्रश्न आजही अलीराजपूर-झाबुव्यात तसाच उभा आहे.

आता पहिल्या नावाकडे येतो. विमाधारक.

स्वतंत्र भारताने आरोग्याबाबत केलेली पहिली मोठी सक्ती म्हणजे १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा. त्याचा पाया प्रा. बी. पी. अडारकर यांनी १९४४ साली दिलेल्या अहवालात आहे. कारखान्याच्या मालकाने वर्गणी भरायची, कामगाराच्या पगारातून वर्गणी कापायची, आणि त्या बदल्यात कामगाराला व त्याच्या कुटुंबाला उपचार, आजारपणाच्या रजेचा भत्ता, बाळंतपणाचा भत्ता. यात निवड नाही. मला नको, माझी प्रकृती ठणठणीत आहे, असे म्हणायची सोय नाही.

अमेरिकेत नेमक्या याच मुद्द्यावर देश दुभंगला. ओबामांनी मार्च २०१० मध्ये सही केलेल्या कायद्याने प्रत्येक नागरिकाला आरोग्य विमा घेणे बंधनकारक केले, न घेतल्यास दंड. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. सुनावणीत एका न्यायमूर्तींनी विचारले, की असे असेल तर सरकार उद्या लोकांना ब्रोकोली विकत घ्यायलाही लावू शकेल का? जून २०१२ मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी ती तरतूद टिकली, तीही दंड हा एक प्रकारचा कर आहे असे मानून. आपल्याला हा प्रश्न हास्यास्पद वाटेल, पण तो पोकळ नव्हता. तरुण निरोगी माणसाने आज पैसे भरल्याशिवाय म्हाताऱ्या आजारी माणसाचा खर्च निघत नाही. विमा सक्तीशिवाय चालत नाही, आणि सक्ती कोणाला आवडत नाही.

आपल्याकडे अशी सक्ती १९४८ पासून आहे. सुशिक्षित वर्गातून कोणी ब्रोकोलीचा प्रश्न काढल्याचे माझ्या ऐकण्यात नाही. कारण सक्ती गिरणीकामगारावर होती, वकिलावर नव्हती. ज्यांचा आवाज वर्तमानपत्रांत उमटतो त्यांच्या पगारातून काही कापले जात नव्हते.

इथे माझ्या घरची एक गोष्ट सांगावी लागते. माझे वडील इथल्या एका कापड गिरणीत कारकून होते. आमच्याकडे ते विम्याचे कार्ड होते. ताप आला की आई आम्हाला विम्याच्या दवाखान्यात न्यायची. गुलाबी औषध मिळायचे, बाटली घरूनच न्यावी लागायची. पुढे वडिलांचा पगार वाढला. घरी श्रीखंड झाले, शेजारीपाजारी वाटून झाले. आणि काही महिन्यांनी कळले, की पगार विम्याच्या मर्यादेवर गेल्यामुळे आमचे कार्ड गेले. त्याच वर्षी धाकट्या बहिणीला विषमज्वर झाला. खाजगी डॉक्टर सज्जन होते, त्यांनी उधारी ठेवली. पण वाढलेल्या पगारातला किती भाग त्या वर्षी औषधांत गेला, हे आई पुढे कित्येक वर्षे सांगत असे.

ही मर्यादा तेव्हा होती तशी आजही आहे. २०१७ पासून ती महिना २१,००० रुपये आहे. त्याच्या खाली असाल, तर मालक सव्वातीन टक्के आणि तुम्ही पाऊण टक्का भरता. वर गेलात की बाहेर. आणि मुळात कारखाना किंवा आस्थापना नोंदलेली असेल तरच आत. गिरणी चालू आहे तोवर विमा. आपल्या शहरात हुकुमचंद मिल १९९१ च्या डिसेंबरात बंद पडली. त्या कामगारांच्या थकलेल्या देण्यांचे २२४ कोटी रुपये मिळायला २५ डिसेंबर २०२३ उजाडले. मधल्या बत्तीस वर्षांत शेकडो माणसे वाट पाहत वारली. वर्गणी थांबली की काही काळाने कार्डही थांबते. ज्या दिवशी माणसाला दवाखान्याची सर्वांत जास्त गरज, म्हणजे नोकरी गेलेली, वय झालेले, त्याच दिवशी तो विमाधारक राहत नाही. ही या शब्दाची मर्यादा. त्यात मान आहे, कारण आपण वर्गणी दिलेली असते, कोणाचे उपकार नसतात. पण तो मान पगाराच्या चिठ्ठीला चिकटलेला आहे.

दुसरे नाव आपण इंदूरकरांनी देशाला दिले, असे म्हटले तर चूक होणार नाही.

१९९४ चा सप्टेंबर आठवा. सुरतेत प्लेगची साथ आल्याची बातमी आली आणि इथेही माणसे तोंडाला रुमाल बांधून फिरू लागली. तेव्हा सगळ्यांचे लक्ष एमवायकडे गेले. महाराजा यशवंतराव होळकरांच्या नावाचे हे रुग्णालय, अख्ख्या माळवा-निमाडचा आधार, आणि त्यात उंदीरच उंदीर. त्या वेळचे जिल्हाधिकारी एस. आर. मोहंती यांनी रुग्णालय रिकामे करून ते स्वच्छ करण्याची मोहीम काढली. रुग्ण दुसरीकडे हलवले, वर्षानुवर्षांचा कचरा ट्रक भरभरून बाहेर काढला, उंदीर मारले, भिंती रंगवल्या. गावाने देणग्या दिल्या. आपल्यापैकी काहींनी तेव्हा पावत्या फाडलेल्या असतील.

मग प्रश्न आला की हे टिकवायचे कसे? त्यातून रोगी कल्याण समिती निघाली. रुग्णालय चालवण्यात डॉक्टर, अधिकारी, लोकप्रतिनिधी आणि नागरिक एकत्र बसतील. ज्यांना परवडते त्यांच्याकडून थोडे शुल्क घेतले जाईल. ते पैसे भोपाळच्या तिजोरीत न जाता इथेच खर्च होतील. गरिबांना शुल्क माफ. दिग्विजय सिंहांच्या सरकारने ही पद्धत राज्यभर नेली. २००० साली तिला ग्लोबल डेव्हलपमेंट नेटवर्कचा आंतरराष्ट्रीय पुरस्कार मिळाला. २००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान आले, तेव्हा केंद्राने ती देशभर घेतली. योजना काँग्रेसच्या राज्यात जन्मली आणि पुढे भाजपच्या राज्यातही चालू राहिली, हेही नोंदवण्यासारखे आहे.

या शुल्कावर झालेला वाद मला फार प्रामाणिक वाटतो, कारण दोन्ही बाजूंना चांगली माणसे होती. एका बाजूचे म्हणणे असे, की सरकारकडून पैसे येत नाहीत, आले तर मार्चअखेरीस येतात, बल्ब बदलायला तीन सह्या लागतात. पाच-दहा रुपये घेतले तर बल्ब आज बदलता येतो. शिवाय पैसे देणारा माणूस जाब विचारतो, फुकट घेणारा मान खाली घालून उभा राहतो. दुसऱ्या बाजूचे म्हणणे असे, की गरीब कोण हे खिडकीवर बसलेला कारकून ठरवणार. पिवळे कार्ड घरी राहिले की पैसे भरा. झाबुव्याहून रात्रभर बसने आलेल्या बाईला माफीचा अर्ज कुठे मिळतो हे कोण सांगणार? आणि एकदा शुल्क घ्यायची सवय लागली, की सरकार हळूहळू आपला हात आखडता घेते.

भोर समितीने पन्नास वर्षे आधी या वादाचे उत्तर देऊन ठेवले होते. श्रीमंताकडून जरूर घ्या, पण कराच्या वेळी घ्या, आजाराच्या वेळी नको. आजाराच्या वेळी माणसाची पारख करत बसणे क्रूर आहे आणि महागही आहे. महाराष्ट्राने पुढे तो रस्ता धरला. १५ ऑगस्ट २०२३ पासून तिथल्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी व उपचार निःशुल्क केले.

पण रोगी कल्याण समितीतला दुसरा अर्धा भाग मला अजून मोलाचा वाटतो. तो म्हणजे नागरिकांनी रुग्णालयाच्या कारभारात बसणे. वाद शुल्काचा झाला, आणि त्या गदारोळात हा भाग मागे पडला. बैठकांत अधिकारी उरले, नागरिक नावापुरते उरले.

त्याचे काय झाले ते आपण पाहिले. ऑगस्ट २०२५ च्या अखेरीस त्याच एमवायच्या नवजात अतिदक्षता कक्षात दोन अर्भकांना उंदरांनी चावा घेतला. दोन्ही बाळे पुढच्या काही दिवसांत गेली. रुग्णालयाने सांगितले की मृत्यू मूळच्या गंभीर आजारांनी झाले. उच्च न्यायालयाच्या इंदूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली. सफाईचे आणि उंदीर-कीटक नियंत्रणाचे काम बाहेरच्या कंपनीला दिलेले होते. काँग्रेसने भाजपला दोष दिला. उद्या सत्ता उलटी असती तर दोषही उलटा दिला गेला असता. मृत्यूच्या कारणाचा वैद्यकीय वाद मी इथे सोडवू शकत नाही. पण त्या बातमीनंतर मी आठवडाभर एकच विचार करत होतो. १९९४ साली उंदीर निघाले तेव्हा गाव धावले होते, कारण प्लेग आपल्या घरी येईल अशी भीती होती. २०२५ साली उंदीर निघाले तेव्हा आपण वर्तमानपत्र वाचून हळहळलो आणि पान उलटले. कारण आता आपल्यापैकी कोणाचे नातवंड एमवायच्या त्या कक्षात नसते.

तिसरे नाव, हितग्राही.

२३ सप्टेंबर २०१८ रोजी पंतप्रधानांनी रांचीत आयुष्मान भारत योजनेचा आरंभ केला. कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचे रुग्णालयातले उपचार, तेही नोंदलेल्या खाजगी रुग्णालयातसुद्धा. २०११ च्या सामाजिक-आर्थिक गणनेच्या आधारे दहा कोटींहून जास्त कुटुंबे निवडली. खर्च बहुतेक राज्यांत केंद्राचा साठ टक्के, राज्याचा चाळीस टक्के. महाराष्ट्रात याआधीच २०१२ पासून राजीव गांधी जीवनदायी योजना होती, पुढे तिचे नाव महात्मा ज्योतिराव फुले जनआरोग्य योजना झाले. नाव बदलले, सरकार बदलले, गाभा तोच राहिला. सरकार दवाखाना चालवण्याऐवजी दवाखान्याचे बिल भरते.

यावरचे राजकीय भांडण बाहेरून पाहिले तर नावाचे आणि फोटोचे वाटते. पश्चिम बंगालने जानेवारी २०१९ मध्ये अंग काढून घेतले, आमची 'स्वास्थ्य साथी' आहे म्हणून. ओडिशा, दिल्ली आणि तेलंगणही सुरुवातीला बाहेर होते. तेलंगण २०२१ मध्ये आले. ओडिशा आणि दिल्ली सत्ताबदलानंतर २०२५ मध्ये. कार्डावर कोणाचा चेहरा, यावर लोकांचे डायलिसिस अडून राहिले, असे म्हणून आपण सगळ्यांवरच चिडू शकतो. पण त्या भांडणात एक खरा मुद्दाही होता. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत सार्वजनिक आरोग्य आणि रुग्णालये राज्यांच्या यादीत आहेत. चाळीस टक्के पैसे राज्याने द्यायचे आणि आखणी दिल्लीने करायची, यावर आक्षेप घेणे ही केवळ आडमुठेगिरी नव्हती.

याहून खोल मतभेद वेगळाच आहे आणि तो पक्षांच्या सीमा ओलांडून जातो. सरकारने सेवा द्यावी की सेवा विकत घ्यावी?

विकत घ्यावी म्हणणाऱ्यांची बाजू आधी मांडतो. सरकारी रुग्णालय सुधारायला पिढ्या जातील, माझे गुडघ्याचे ऑपरेशन आज हवे आहे. खाजगी रुग्णालये उभी आहेत, त्यांत खाटा आहेत, सर्जन आहेत. गरीब माणसाच्या हातात कार्ड दिले की तो प्रथमच समोरच्या दारातून आत जातो. मी अशी माणसे पाहिली आहेत. आमच्याकडे वीस वर्षे पोळ्या करणाऱ्या बाईंच्या नवऱ्याच्या हृदयाची शस्त्रक्रिया या कार्डावर झाली. एक पैसा लागला नाही. त्या बाईंसमोर उभे राहून ही योजना म्हणजे निव्वळ जाहिरात आहे, असे मी म्हणू शकत नाही.

आता दुसरी बाजू. त्याच बाईंना स्वतःला मधुमेह आहे. दर महिन्याची गोळी, दर तीन महिन्यांची तपासणी यांना हे कार्ड चालत नाही, कारण ते रुग्णालयात दाखल झाल्यावरच चालते. साखर वाढून पाय कापायची वेळ आली, तर सरकार पैसे देईल. पाय वाचवायच्या गोळीला मात्र देणार नाही. शिवाय बिल भरणारा दूर असला की गैरप्रकार होतात. नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या २०२३ च्या अहवालात, एकाच बनावट मोबाईल क्रमांकावर सुमारे साडेसात लाख हितग्राही नोंदलेले निघाले. रुग्णालयवाल्यांची तक्रारही खोटी नाही. दर कमी आणि पैसे उशिरा. ऑगस्ट २०२५ मध्ये हरियाणातल्या खाजगी रुग्णालयांनी थकबाकीसाठी या योजनेखालचे उपचार थांबवले होते. आणि जिथे खाजगी रुग्णालयच नाही, त्या बडवानीच्या पाड्यावर कार्ड घेऊन जायचे कुठे?

आपल्याच राज्यात हा वाद आता पुढच्या पायरीवर गेला आहे. धार आणि बैतूल यांसारख्या ठिकाणी सरकारी-खाजगी भागीदारीतून वैद्यकीय महाविद्यालये काढायची आणि जिल्हा रुग्णालय त्यांना जोडायचे, अशी शासनाची योजना आहे. शासन म्हणते, जिल्ह्याला डॉक्टर आणि तज्ज्ञ मिळतील. विरोध करणाऱ्या डॉक्टरांच्या संघटना आणि आरोग्य चळवळीतले लोक म्हणतात, जनतेच्या पैशाने उभे राहिलेले रुग्णालय दुसऱ्याच्या हाती जाईल. धारमध्ये आपली पुष्कळ मराठी घरे आहेत. त्यांनी या करारातली कलमे वाचावीत, असे मी त्यांना सांगेन. घोषणा दोन्ही बाजूंच्या सुंदर असतात. खरी गोष्ट कलमांत असते. मोफत खाटा किती, त्या कोण मोजणार, आणि कमी पडल्या तर कोणाला जाब विचारायचा.

चौथे नाव, हक्कदार.

२१ मार्च २०२३ रोजी राजस्थान विधानसभेने आरोग्याच्या हक्काचे विधेयक मंजूर केले. असा कायदा करणारे ते पहिले राज्य. अपघातात किंवा तातडीच्या आजारात आलेल्या माणसाला पैसे आधी न मागता उपचार द्यावे लागतील, खाजगी रुग्णालयालाही. खाजगी डॉक्टर रस्त्यावर आले, दवाखाने बंद ठेवले. सुमारे दोन आठवड्यांनी, ४ एप्रिलला तडजोड झाली. पन्नासपेक्षा कमी खाटांची आणि सरकारकडून सवलत किंवा जमीन न घेतलेली खाजगी रुग्णालये कायद्यातून वगळली.

डॉक्टरांचा प्रश्न होता, की तातडीचा आजार म्हणजे काय, आणि त्याचे पैसे आम्हाला कोण देणार, कधी देणार? हा प्रश्न रास्त आहे. वीस खाटांचे रुग्णालय कर्ज काढून चालवणाऱ्या जोडप्यावर राज्याचे कर्तव्य ढकलता येत नाही. पण बंद दवाखान्याच्या दारात उभ्या असलेल्या रुग्णाचा प्रश्नही रास्त होता. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्येच, पश्चिम बंगालमधल्या शेतमजुराच्या खटल्यात सांगितले होते, की सरकारी रुग्णालयाने तातडीचे उपचार नाकारणे म्हणजे जगण्याच्या हक्काचा भंग होय. तो शेतमजूर रेल्वेतून पडला होता आणि खाट नाही म्हणून एका रुग्णालयातून दुसऱ्या रुग्णालयात फिरत राहिला होता.

डॉक्टरांच्या विरोधाबद्दल इतिहास एक गोष्ट सांगतो. ब्रिटनची राष्ट्रीय आरोग्य सेवा ५ जुलै १९४८ रोजी सुरू झाली. त्याच्या काही महिने आधी तिथल्या डॉक्टरांच्या संघटनेने मतदान घेतले, तेव्हा प्रचंड बहुमत विरोधात गेले होते. विरोधी पक्षानेही संसदेत विरोधात मते दिली होती. मंत्री ॲन्युरिन बेव्हन यांनी मोठ्या तज्ज्ञांना खाजगी व्यवसायाची मुभा देऊन मार्ग काढला. आज त्या देशात तिच्या कारभारावर कोणी कितीही टीका करो, ती बंद करा म्हणायची हिंमत कोणताही मोठा पक्ष करत नाही. कारण पहिल्या दिवसापासून ती गरिबांची नव्हती, सगळ्यांची होती.

इथे मला आपल्या सर्वांबद्दल, म्हणजे या सभागृहात बसलेल्यांबद्दल बोलायचे आहे. २०२२ पासून 'रेवडी' हा शब्द राजकारणात फार चालतो. फुकटच्या सेवा म्हणजे रेवडी. आपल्या चहाच्या गप्पांतही तो येतो. पण केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांसाठी आणि निवृत्तांसाठी १९५४ पासून सरकारी आरोग्य योजना आहे. माजी सैनिकांसाठी वेगळी योजना आहे. आमदार-खासदारांना सरकारी खर्चाने उपचार मिळतात. त्याला रेवडी म्हणताना मी कोणाला ऐकलेले नाही. आणि २९ ऑक्टोबर २०२४ पासून तर सत्तरी ओलांडलेला प्रत्येक नागरिक, त्याचे उत्पन्न काहीही असो, आयुष्मानमध्ये आला. ते कार्ड माझ्या खिशात आहे. इथल्या पुष्कळांच्या खिशात असेल. म्हणजे आता आपण सगळेच हितग्राही. स्वतःकडे कार्ड आले की तो सन्मान, पोळीवाल्या बाईंकडे आले की ती रेवडी, असे चालणार नाही.

मग माझे मत काय? इतका वेळ दोन्ही बाजू सांगून निसटणे बरे नाही.

मला कार्ड नको असे नाही. आज जे मिळते ते तोडू नये. पण कार्ड हे रुग्णालयाचा पर्याय होऊ शकत नाही. पहिला पैसा वस्तीतल्या दवाखान्याला, रोजच्या गोळीला, परिचारिकेला आणि एमवायला मिळावा, आणि उरलेल्यातून खाजगी सेवा विकत घ्यावी. पैसा आहे का, असे विचाराल. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार सरकारचा आरोग्यावरचा खर्च २०१३-१४ मध्ये राष्ट्रीय उत्पन्नाच्या १.१५ टक्के होता, तो २०२१-२२ मध्ये १.८४ टक्के झाला. लोकांच्या खिशातून जाणारा वाटा ६४.२ टक्क्यांवरून ३९.४ टक्क्यांवर आला. ही सुधारणा आहे आणि ती मान्य केली पाहिजे, पण २०१७ च्या आरोग्य धोरणाने २०२५ पर्यंत अडीच टक्क्यांचे वचन दिले होते. आणि अजूनही शंभरातले जवळजवळ चाळीस रुपये आजारी माणूस स्वतःच देतो.

या मताची किंमत आपल्याला मोजावी लागेल, हेही लपवत नाही. कर वाढू शकेल. सरकारी रांगेत उभे राहावे लागेल. आज दुसऱ्या मजल्यावरच्या वातानुकूलित खोलीत मिळणारे तज्ज्ञ उद्या सर्वांसाठी वाटून घ्यावे लागतील. ज्यांना हे नको वाटते, त्यांच्याशी मला भांडायचे नाही, पण त्यांनी तसे उघड म्हणावे. 'सरकारकडून काहीच नीट होत नाही' असे म्हणू नये. याच शहरात सरकारी यंत्रणेने आणि लोकांनी मिळून कचरा साफ केला आणि देशात पहिला क्रमांक वर्षानुवर्षे टिकवला. रस्त्यावरचा कचरा आपण एकत्र उचलू शकलो, कारण त्या रस्त्यावरून आपण सगळे चालतो. रुग्णालयाच्या वऱ्हांड्यातून मात्र आपण चालेनासे झालो आहोत.

म्हणून माझी विनंती छोटी आहे. निवडणुकीला मते मागायला जो येईल, मग तो कोणत्याही पक्षाचा असो, त्याला तीन गोष्टी विचाराव्यात. आरोग्यावर किती टक्के खर्च कराल? एमवायमध्ये उंदीर दिसला तर नाव घेऊन कोणाला विचारायचे? आणि तुमच्या घरचे माणूस आजारी पडले तर तिथे न्याल का? तिसऱ्या प्रश्नाला तो हसेल. हसू द्या, आणि उत्तराची वाट पाहा.

आणि आपल्या सभेला एक सूचना. आपण दरवर्षी एमवायमध्ये फळवाटप करतो. ते चालू ठेवावे. पण त्याबरोबर रोगी कल्याण समितीच्या बैठकीत नागरिकांच्या वतीने कोण बसते, बैठक शेवटची कधी झाली आणि तिचा ठराव काय, एवढे एकदा पत्र लिहून विचारावे. पत्र लिहिणे हे तर आपले साहित्यिकांचेच काम. मसुदा मी करून आणला आहे. अध्यक्षांनी परवानगी दिली तर बाहेर टेबलावर ठेवतो. ज्यांना पटेल त्यांनी सही करावी.

त्या मसुद्यात आजारी माणसाला काय म्हणायचे, यावर मी दोन दिवस अडलो होतो. विमाधारक, हितग्राही, लाभार्थी, हक्कदार, सगळे लिहून खोडले. शेवटी 'आमच्या शहरातला रुग्ण' असे लिहिले आहे. याहून चांगला शब्द कोणाला सुचला, तर सही करताना सांगावा.